तिजोरीतला लोहबाहू आणि बाहेरचे आम्ही

माझं चित्र पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी एका पोलादी तिजोरीला कान लावून वाकलेलो होतो आणि माझ्या तोंडातून निघालेल्या फुग्यात लिहिलं होतं, "दादा, आत कुणीतरी घोरतंय." वाक्य माझं, अक्षर माझं, आणि वाकलेला माणूस मागून जसा दिसतो तो आकारही, आमच्या घरच्यांनी एकमतानं ठरवल्याप्रमाणे, माझाच. आज माझ्या टेबलावर गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत कामं पडलेली असतात. पण आयुष्यात सगळ्यात भारी काय छापलंत, असं कुणी विचारलं तर मी त्या खरखरीत कागदावरच्या पार्श्वभागाकडे बोट दाखवतो.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. गिरगावात, ठाकूरद्वारच्या अलीकडे एका बोळात तात्या फणसे यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, उदबत्तीच्या पुड्यांची लेबलं, नाटकांची हँडबिलं, आणि दर महिन्याला एक चित्रकथेचा अंक, 'लोहबाहू'. हा लोहबाहू दिवसा गोदीत खोकी मोजणारा भित्रा कारकून, साहेबानं नुसतं खाकरलं तरी ज्याच्या हातातली पेन्सिल पडते असा. आणि संकट आलं की तोंडाला बुरखा बांधून एका हातानं क्रेन उचलणारा वीर. पोरं तर वाचायचीच, पण पोरांचे बापही 'बघू काय वाचतोयस' असं दरडावून अंक काढून घ्यायचे आणि संडासाच्या रांगेत उभे राहून वाचायचे.

अंक आम्ही तिघं मिळून करायचो. लेखक गोष्ट सांगायचा, कुठल्या चौकोनात काय दिसतं आणि कोण काय बोलतं ते. चित्रकार जाड पुठ्ठ्यावर, छापायच्या दुप्पट आकारात, ते चौकोन काढायचा आणि बोलण्यासाठी पांढरे फुगे मोकळे सोडायचा. त्या फुग्यांत टाकानं अक्षरं भरायची हे माझं काम. मग छपाईसाठी त्याचा जस्ताचा ब्लॉक व्हायचा, निम्म्या आकारात, म्हणून अक्षर अंगानं भरदार काढावं लागे. नाहीतर छापल्यावर मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. फुग्यात जागा थोडी आणि लेखकांना बोलायची हौस फार, त्यामुळे शब्द कापायचा अधिकार आपोआप माझ्याकडे आला होता. वयाच्या विशीत तो अधिकार मी राजासारखा वापरला.

चित्रकार होते दादा धामापूरकर. मालवणकडचे, अंगानं रुंद, नाकाला सदैव तपकीर. त्यांच्याकडे एक विलक्षण खोड होती. माणूस मनानं बनवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बोळातला न्हावी त्यांनी समुद्री चाचा केला. खोताच्या वाडीतला व्हायोलिन शिकवणारा म्हातारा अंकल वेडा शास्त्रज्ञ झाला. प्रार्थनेला जाताना तो आपला अंक काखेत घेऊन मिरवायचा म्हणे. मला त्यांनी दाराच्या चौकटीला लोंबकळत ठेवून लोहबाहूचे हात काढले होते, आणि माझे हात थरथरायला लागले की म्हणायचे, "ऱ्हव जरा, आता खरो जीव येता." त्यांच्या रेषेसारखी रेष मी नंतर कुठंही पाहिली नाही. धावणारा माणूस त्यांनी काढला की कागद हातातून सुटेल असं वाटायचं.

आणि लेखक होता किसन तांबे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, नायगावच्या चाळीतला. गिरणीत बदलीवर जायचा, म्हणजे रोज पहाटे दारावर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत. ते सोडून तो आमच्याकडे पूर्णवेळ आला होता. घरानं नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली, आणि वडील चळवळीच्या जलशातले नावाजलेले ढोलकीवाले. जलसा ऐन रंगात आला की ढोलकी एकदम थांबवायची आणि अख्ख्या मैदानाला अर्ध्या श्वासावर टांगून ठेवायचं, हे किसन वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकला होता. त्यामुळे आमच्या प्रत्येक अंकाचा शेवटचा चौकोन असा असायचा की वाचणाऱ्याचा घास तोंडाशी थांबावा. आणि त्यातून सुटका कशी, हे तो कुणाला सांगत नसे. दादांना नाही, मला नाही, पगार देणाऱ्या तात्यांनाही नाही. तात्या कधी फार मागे लागले तर म्हणायचा, "तात्या, तुम्हीपण विकत घ्या की अंक."

त्या महिन्यात दुष्ट काळदंतानं लोहबाहूला तळघरातल्या पोलादी तिजोरीत कोंडलं. काळदंत डोक्यापासून पायापर्यंत काळ्या झग्यात, त्याचा चेहरा आजवर कुणी पाहिलेला नाही. शेवटच्या चौकोनात तो तिजोरीवर हात आपटून म्हणतो, "तुला बाहेर काढणारा अजून जन्माला यायचाय." अंक छापून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी किसन चाळीतल्या तुकडीबरोबर सत्याग्रहाला गेला.

आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्याआधीही त्याला एकदा धरला होता आणि संध्याकाळी सोडून दिला होता. सत्याग्रह म्हणजे पोलिसांच्या गाडीतून फेरफटका अशी आमची समजूत झालेली. जाताना मला म्हणाला, "उद्या पुढचा भाग देतो, टाक धुऊन ठेव." पण या खेपेला मॅजिस्ट्रेट वेगळ्या मनःस्थितीत असावा. कित्येक महिन्यांची शिक्षा झाली आणि रवानगी थेट मुंबईबाहेरच्या तुरुंगात.

तात्यांना बातमी कळली तेव्हा ते यंत्राजवळच्या स्टुलावर मटकन बसले.

"म्हणजे माझा हिरो तिजोरीत आणि चावी तुरुंगात?"

तात्या वाईट मुळीच नव्हते. मन चळवळीच्या बाजूनं, पण छातीचा ठोका सरकारच्या बाजूनं पडायचा. त्यांनी सरळ सांगितलं की धामापूरकरांनी काहीतरी करून त्या माणसाला बाहेर काढावं, स्फोट करावा, भूकंप करावा, वाटेल ते करावं. दादांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि म्हणाले, "तेका भायर काढूक मी कोण? किसन येतलो, तो काढतलो." तात्या म्हणाले, मग महिनाभर लोकांना काय दाखवणार, बंद दार? दादांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, हो, बंद दारच दाखवू. पण दाराबाहेर कोणीतरी हवं.

आणि पुठ्ठ्यावर त्यांनी पहिला चौकोन काढला तो आमच्याच खोलीचा. चित्राच्या फळीसमोर रुंद दादा, शेजारी टाक घेतलेला हडकुळा मी, आणि तिसरी खुर्ची रिकामी. चित्रातले दादा चित्रातल्या मला म्हणतात, लेखक नाही, चल आपणच जाऊन बघू. मग दोघं जण गिरगावातून चालत निघतात आणि तळघरात उतरून तिजोरीला कान लावतात. गोष्ट बनवणारे स्वतःच गोष्टीत घुसलेत, हे आमच्या वाचकांनी बापजन्मी पाहिलं नव्हतं. आम्हीही नव्हतं. दादांनी सगळे फुगे मोकळे ठेवले आणि मला म्हणाले, भर. लेखक तर नाही, मग मी काय भरू? तर म्हणाले, चित्रात तू आहेस ना, तू जे बोलशील ते. असा मी एका दुपारी पात्रही झालो आणि पाव लेखकही.

चित्रातल्या रस्त्यात न्हावी आम्हाला विचारतो, तुमचा लेखक गेला कुठं? त्यावर मी माझ्या फुग्यात लिहिलं, "सध्या निम्मं गिरगाव जिथं आहे, तिथं." तात्यांनी ते वाचून डोळे मिटले, पण पुसायला लावलं नाही.

अंक हातोहात गेला. दादांना मंडईत कोळणी हटकायला लागल्या. त्यातली एक तर पापलेटाला हातच लावू देईना. म्हणाली, "आधी त्याला काढ, मग मासळी देते. मेला बिनजेवणाचा बसलाय आत."

पुढच्या अंकात चित्रातल्या आम्हा दोघांनी दाराला तेल घातलं, दारापुढे उदबत्ती लावली, दाराशी गोडीगुलाबीनं बोललो. तेवढ्यात आम्हाला खरोखरच किसनच्या भेटीची परवानगी मिळाली. निघताना तात्यांनी निरोप दिला, आणि तो देताना ते आमच्याकडे बघत नव्हते. किसननं माफीनाम्यावर सही करावी, यापुढे भाग घेणार नाही म्हणावं आणि सुटून यावं. नाहीतर पुढच्या महिन्यापासून लोहबाहू दुसरा कुणीतरी लिहील. बदलीच्या रांगेत उभं राहण्याचे किसनचे दिवस आम्हाला ठाऊक होते. ती नोकरी त्यानं या बुरखेवाल्याच्या भरवशावर सोडली होती.

जाळीपलीकडे किसन अर्धा झालेला, पण डोळे तेच, मिस्कील. अंक त्याच्यापर्यंत पोचत होते, जरा उशिरा, कारण आधी जेलरसाहेबांच्या घरातली मुलं वाचायची. पहिलं बोलला तो चित्रातल्या रिकाम्या खुर्चीबद्दल. ती खिडकीकडे काढा म्हणाला, मी तिथं बसतो. दादांनी निरोप सांगितला. सगळा, एकही शब्द न गाळता. किसननं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, तुमचं काय म्हणणं?"

"मी निरोप्या," दादा म्हणाले. "माझा काय तां तुका म्हायत हा."

किसन थोडा वेळ जाळीवर बोटं वाजवत राहिला. ढोलकीवाल्याचा मुलगा, बोटं गप्प बसत नसत. मग म्हणाला, "सही करून आलो, तर मी बाहेर येईन. पण मग लोहबाहू माझ्या हातून लिहून घेणार नाही. तो हात धरेल माझा."

मला राहवेना. मी म्हटलं, किसनराव, तो सुटतो कसा एवढं तरी सांगून ठेवा, आम्ही तात्यांना तेवढं दाखवू, तुमचं काम चालू आहे असं होईल. तो हसला. "सांगितलं की तुम्ही काढाल त्याला. आणि एकदा माझ्याशिवाय निघाला की मग मी कशाला लागतो कुणाला? असू दे आत. आम्ही दोघं एकदमच बाहेर येऊ."

परतीच्या वाटेवर दादा एवढंच म्हणाले, त्याचो बापूस ढोलकी थांबवायचो ना, तसोच थांबलोहा.

तात्यांनी शब्द खरा केला. दादरहून ओक मास्तरांना घेऊन आले. शाळेत शिकवायचे, रहस्यकथा लिहायचे, शिवाजी पार्कावर रोज छत्री घेऊन फिरायला जायचे, पाऊस असो नसो. आमच्या अंकावर लेखकाचं नाव कधी छापत नसत, त्यामुळे किसन गेला आणि ओक आले हे एकाही वाचकाला कळलं नसतं. लोहबाहू ओकांचा झाला असता आणि नायगावचा किसन तांबे कधी होता की नव्हता, कुणी विचारलंही नसतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

ओक मास्तरांनी सुटकेचा भाग लिहून आणला. तिजोरीचं कुलूप कोणत्या तत्त्वावर चालतं याचं त्यात सविस्तर विवेचन होतं. दादांनी शांतपणे पुठ्ठा घेतला आणि ओक मास्तरांनाच चित्रात घातलं. छत्री, चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. तळघरात येऊन ते तिजोरीला किल्ल्या लावतायत आणि बोलतायत. फुगा दादांनी मोकळा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात प्रथमच एकही शब्द कापला नाही. मास्तरांचं सगळंच्या सगळं विवेचन भरलं. फुगा फुगत गेला, त्यानं छत्री गिळली, चष्मा गिळला, तिजोरीही अर्धी गिळली. शेवटी चौकोनात फुग्याखालून मास्तरांचे फक्त जोडे दिसत होते.

पुठ्ठा मास्तरांपुढे ठेवला तेव्हा तात्या घामाघूम. मास्तर फुगा वाचत वाचत खाली जोड्यांपर्यंत आले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "हे जोडे माझेच. डाव्याचा बंद असाच सुटतो. कधी पाहिलंत?" दादा म्हणाले, आलात तेव्हाच. मग मास्तरांनी ती रिकामी खुर्ची चित्रात पाहिली आणि खोलीतही पाहिली, कारण ती खोलीतही रिकामीच होती. ते स्वतः येऊन बसले होते पलीकडच्या बाकावर. ही कुणाची, म्हणाले. मी सांगितलं. तुरुंग, माफीनामा, आम्ही दोघं एकदमच येऊ, सगळं सांगितलं. तात्या मध्येच खोकत होते.

मास्तर उठले, छत्री घेतली. "फणसे, मी आता यांच्या चित्रात आलो. पात्रानं लेखकाची खुर्ची मागायची म्हणजे नाटकातल्या नारदानं पेटीवाल्याला उठवण्यासारखं आहे. मला हे जोडेच पुरे." आणि दाराशी वळून मला म्हणाले, "एक अंक घरी पाठवा. आमच्या मंडळींना दाखवायचाय, फुगा किती खरा आहे ते." असा मोठ्या मनाचा माणूस मी नंतर क्वचितच पाहिला.

तो अंक गेला, पण आता वाचक कातावले होते. गंमत किती दिवस पुरणार? कुणी विचारायचं, आतल्या माणसाची दाढी कुठवर आली? कुणी म्हणायचं, तुम्हालाच माहीत नाही दार कसं उघडतं. तात्यांनी एका संध्याकाळी आम्हाला समोर बसवून सांगितलं, पुढच्या अंकात लोहबाहू बाहेर आला नाही तर अंक बंद. तुम्ही काढा, नाहीतर मी कुलूप लावतो. दादांनी त्या महिन्यात एकही रेघ ओढली नाही. पुठ्ठ्याचे कोरे ताव समोर लावून ते तपकीर ओढत बसून राहायचे. पोट त्यांचंही या अंकावरच होतं. मला त्यांचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

मुदत संपत आली होती तेव्हा सरकारनं सत्याग्रह्यांची एक तुकडी सोडून दिली. सही नाही, माफी नाही, नुसतं फाटक उघडलं. किसन घरी जाऊन आईला भेटला आणि तसाच गिरगावात आला. आल्या आल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, आणि कागद वगैरे न घेता नुसता बोलायला लागला. दादा ऐकता ऐकता रेघा ओढत होते. मी टाक धुतला.

तिजोरीत आतून एक खिट्टी होती, किसन म्हणाला. पहिल्या दिवसापासून. ओढली की दार उघडतं. पण खिट्टीच्या वर काळदंतानं कोरून ठेवलंय, ओढणारा माझा दास. लोहबाहूनं ते वाचलं आणि खिट्टीला हात लावला नाही. तो अडकला नव्हता. तो बसला होता. बाहेर चित्रकार आला, अक्षरवाला आला, छत्रीवाले मास्तर आले, त्याला सगळं ऐकू येत होतं. चांगली माणसं आहेत म्हणत तो निवांत घोरत होता.

"मग उघडलं कुणी?" मी विचारलं.

"काळदंतानंच. रोज येऊन दाराला कान लावायचा, आतून रडण्याचा आवाज येतो का बघायला. आवाज घोरण्याचा. त्याची झोप उडाली. अन्न जाईना. शेवटी त्यालाच राहवेना, हा माणूस सुटायला मागतच कसा नाही? त्यानं स्वतः दार उघडून आत डोकावलं."

मला आठवतं, दादांनी टाक खाली ठेवला आणि दोन्ही हात पँटला पुसले. मग पुन्हा टाक उचलून त्यांनी तो डोकावणारा काळदंत काढला. झग्याची टोपी मागे पडलेली, पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसतोय, गोंधळलेला, जागरणानं ओढलेला, आणि जरासा केविलवाणा. तो चेहरा तात्या फणसे यांचा होता.

मी म्हटलं, दादा, हे मात्र नको, नोकरी जाईल तिघांची. दादा म्हणाले, दुसरा कोणाचा तोंड इतक्या दिवसात मी बघितला काय?

तात्या आले. किसनला पाहून थबकले. बरा आहेस ना, म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पुठ्ठ्यांवर वाकले. एकेक चौकोन वाचत गेले. खिट्टीपाशी थांबले, पुढे गेले. शेवटच्या चौकोनाशी बराच वेळ उभे होते. किसनही उभा राहिला. त्याला वाटलं असावं, आता जा म्हणतील, आणि तो जायला तयार होता. मला वाटतं तुरुंगातून आलेल्या माणसाला एवढं तर येतंच.

"माझे कान इतके मोठे आहेत?" तात्यांनी विचारलं.

"दाराक लावून लावून झाले," दादा म्हणाले.

तात्या हसले नाहीत. चष्मा काढून उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा ते केविलवाणं तोंड पाहिलं. मग त्या पानाच्या वर, पहिल्या चौकोनाच्या डोक्यावर जी कोरी पट्टी असते तिच्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "इथं याचं नाव घाल. लेखक म्हणून. खाली धामापूरकरांचं. माझं तोंड गावभर जाणार, तर ते कुणी लावलं तेही कळू दे. सगळ्या शिव्या मी एकट्यानं का खायच्या?"

आणि किसनकडे न बघता म्हणाले, "पुढचा भाग किती तारखेला देशील?"

किसन म्हणाला, "उद्या."

मी टाक बुडवला. आजवर लोहबाहूच्या आरोळ्या लिहिल्या होत्या, काळदंताची हास्यं लिहिली होती, स्फोटांचे धडाडधूम इतके काढले होते की हात आपोआप चालायचा. त्या पट्टीवर 'किसन तांबे' लिहायला मला अख्खी दुपार लागली, आणि तो माझ्या मागे उभा राहून एकही विनोद करत नव्हता.